जुना रेडिओ घ्या, पण बंद पडलेला

जुन्या बाजारात रेडिओ विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, चालू कंडिशन आहे." मग तो पाठीमागच्या वायरीची दोन टोकं थेट बोर्डात खुपसतो. डायलमागचा दिवा लागतो, थोडी खरखर ऐकू येते आणि गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. व्हॉल्व्हचा रेडिओ घ्यायचा मनात असेल तर नेमका हा प्रयोग करू देऊ नका. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट दिले, तर त्यात जे शाबूत उरलेलं असतं तेही जाऊ शकतं. शिवाय विकण्यापुरत्या 'चालू' केलेल्या सेटमध्ये बहुतेक वेळा कोणीतरी घाईघाईने हात घातलेला असतो. तो हात निस्तरायला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून माझा कौल बंद पडलेल्या, पण आतून कोणी न छेडलेल्या सेटला आहे.

याचं कारण साधं आहे. रेडिओत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं आजही मिळतं. कंडेन्सर आणि रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतात. व्हॉल्व्हही शोधले तर सापडतात, कारण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवले होते आणि जुन्या दुकानदारांकडे, मेकॅनिकांकडे न वापरलेले नग अजून निघतात. मिळत नाही ती डायलची काच. त्या मॉडेलची बटणं, पाठीमागचा भोकाभोकांचा पुठ्ठा, कॉइल आणि धड कॅबिनेटही मिळत नाही. घेताना पैसे या न मिळणाऱ्या गोष्टींचे मोजायचे, आवाजाचे नाहीत.

सगळ्यात चांगला सेट बाजारात नसतो, नात्यात असतो. मामाच्या वाड्यात, चुलत आजोबांच्या माळ्यावर, गावच्या घरात धान्याच्या कोठीमागे. तिथला सेट कोणी सजवलेला नसतो, आणि बंद पडला तेव्हा का पडला हे सांगणारं माणूसही घरात असतं. सोबत परवान्याचं पुस्तक मिळालं तर ते जरूर मागून घ्या. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे, त्याचं शुल्क पोस्टात भरावं लागे, आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होती. सेट कधीपासून घरात आहे याचा तो चांगला पुरावा असतो.

नात्यात नाही मिळाला तर मुंबईचा चोर बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार आहे. जाताना तीन वस्तू खिशात ठेवा : विजेरी, स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर. पाठीमागचा पुठ्ठा काढू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. अलीकडे जुन्या कॅबिनेटमधून मूळ चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, काढून त्या जागी ब्लूटूथ आणि एफएमची तयार पट्टी बसवलेले 'अँटिक' रेडिओ सर्रास दिसतात. पुठ्ठा काढल्याशिवाय ते कळत नाहीत.

आता कोणता सेट घ्यायचा? ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, जीईसी, नेल्को ही नावं आपल्याकडे वारंवार भेटतील. नावापेक्षा आतला प्रकार महत्त्वाचा. घरच्या विजेवर चालणारा, ट्रान्सफॉर्मर असलेला, पाच व्हॉल्व्हचा, मध्यम लहरी आणि लघुलहरी असे पट्टे असलेला साधा टेबल सेट हा पहिल्या खरेदीला उत्तम. आत पुरेशी जागा असते, भाग मोठे असतात, हात जातो. गावाकडे वीज नव्हती तेव्हा बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट चालत. त्यांतले व्हॉल्व्ह 'डीके ९६', 'डीएल ९६' असे 'डी'ने सुरू होतात. त्यांना ९० व्होल्टची आणि दीड व्होल्टची अशा दोन वेगळ्या बॅटऱ्या लागतात. ९० व्होल्टची ती बॅटरी आता बाजारात नाही. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडून काम भागवावं लागतं. जोडणीत चूक झाली तर व्हॉल्व्हची केसासारखी बारीक तार क्षणात जळते. असा सेट पहिलाच म्हणून घेऊ नका.

आणि एक अपेक्षा आधीच सोडून द्या : साठच्या दशकातल्या देशी सेटवर एफएम लागणार नाही. आपल्याकडे एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं. त्याआधीच्या देशी सेटमध्ये तो पट्टा असायचं कारणच नव्हतं. पन्नासच्या दशकातल्या जर्मन ग्रुंडिग किंवा टेलिफुंकनवर मात्र 'यूकेडब्ल्यू' असा एफएमचा पट्टा असतो. तो बहुधा १०० मेगाहर्ट्झपाशी संपतो, म्हणजे मुंबईत ९१.१ आणि ९८.३ लागतील, विविध भारतीचं १०२.८ लागणार नाही. हे सेट देखणे आणि आवाजाला भारदस्त असतात. पण आत इतकी गर्दी असते की शिकाऊ हाताने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पुठ्ठा निघाला की आधी वास घ्या. धूळ आणि जुन्या मेणाचा वास चालेल. जळक्या वार्निशचा उग्र वास आला तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो पुन्हा गुंडाळून घेणं खर्चाचं काम आहे. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर स्पीकरचा कागद आणि डायलची दोरी पाहा. दोन्ही त्यांना आवडतात. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं मूत. त्याने चॅसी गंजते आणि कॉइलच्या बारीक तारा हिरव्या पडून तुटतात. कॅबिनेटच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड चालू आहे असं समजा.

मग व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या काचेच्या आतल्या बाजूला, बहुधा टोकाशी, चंदेरी आरशासारखा एक डाग असतो. तो चंदेरी किंवा तपकिरी असेल तर आत निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा शिरली आणि व्हॉल्व्ह मेला. तो तपासण्यात वेळ घालवायला नको. काचेवरचा नंबर बोटाने चोळू नका. ती छपाई इतकी कच्ची असते की चोळताच जाते, आणि मग तो कोणता व्हॉल्व्ह हे ओळखणं अवघड होतं. सेटला मॅजिक आय असेल, म्हणजे स्टेशन नीट लागलं की पाकळी मिटणारा तो हिरवा दिवा, तर तो बहुतेक मंद झालेला असणार. बदली नग महाग पडतो. नसला तरी रेडिओ वाजतो, तेव्हा त्यापायी किंमत कमी करून मागा.

आता विजेरीचा उजेड टाकून ॲल्युमिनियमच्या चौकोनी डब्या शोधा. त्या आयएफटी, म्हणजे इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर. त्यांच्या वर किंवा बाजूला ट्युनिंगचे स्क्रू असतात, आणि ते हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांवर मेणाचा किंवा रंगाचा थेंब सोडलेला असतो. तो थेंब जागेवर असेल तर समजा की सेट कुणी छेडलेला नाही. माझ्या लेखी सबंध तपासणीत एवढी मोलाची खूण दुसरी नाही. स्क्रूची खाच चिरडलेली, मेण खरवडलेलं दिसलं, तर कोणीतरी 'आवाज वाढतो का बघू' म्हणून पिळलं आहे. ते परत जागेवर आणायला ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल देणारा जनरेटर आणि तो चालवणारा माणूस, दोन्ही लागतात. तुम्हीही हे स्क्रू कधी फिरवू नका. रेडिओ मुका झाला म्हणून आयएफटी पिळणं हा या धंद्यातला सर्वांत जुना गाढवपणा आहे.

स्पीकरजवळ किंवा स्पीकरवरच एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मल्टिमीटरने त्याची व्हॉल्व्हकडची बाजू मोजा. काहीशे ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली आहे. घासाघीस करायला हा भक्कम मुद्दा आहे.

शेवटी डायलची काच. हिच्याकडे लोक शेवटी पाहतात आणि घरी आणून पहिली हिचाच नाश करतात. सिलोन, दिल्ली, कराची, लाहोर ही सगळी नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि इतक्या वर्षांत त्या रंगाची काचेवरची पकड सुटलेली असते. ओलं फडकं, स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रावण आतल्या बाजूला लागलं की कराची आणि लाहोर फडक्यावर येतात. बाहेरची बाजू हवी तशी पुसा. आतली बाजू मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका. पोपडे सुटत असतील तर तेही करू नका, तशीच राहू द्या.

सेट घरी आला. पहिलं काम : जुनी वायर कापून टाका, म्हणजे घरातलं कोणी उत्साहाने ती बोर्डात घालणार नाही. जुन्या वायरीवरचं रबर असंही बोटात चुरा होण्याइतकं वाळलेलं असतं.

यानंतर जे सांगतो ते जिवाशी गाठ असलेलं आहे. व्हॉल्व्हचे नंबर वाचा. 'ई'ने सुरू होणारे, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ असे असतील तर त्यांचे हीटर ६.३ व्होल्टचे असतात आणि सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. 'यू'ने सुरू होणारे, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे असतील तर तो एसी-डीसी सेट. एकेकाळी काही शहरांत डीसी वीज होती. ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही, म्हणून या सेटमध्ये सगळे हीटर माळेसारखे एकापुढे एक जोडून थेट मेन्सवर टाकत. या चौघांना मिळून १२६ व्होल्ट लागतात. उरलेले एका जाड रेझिस्टरमध्ये जिरवले जातात. मेन्सची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सबंध चॅसीत करंट. बटणाचा आतला स्क्रू, चॅसी घट्ट धरणारे तळाचे स्क्रू, अर्थचं सॉकेट, कशालाही हात लागला तरी झटका बसू शकतो. बटण निघालेला असा सेट घरात चालू ठेवणं म्हणजे मुलांच्या हाताच्या उंचीवर उघडी तार ठेवणं आहे. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून तपासू नका. प्रयोगशाळेतलं डिमरस्टॅट या कामी उपयोगाचं नाही. ते व्होल्टेज कमी-जास्त करतं, पण मेन्सपासून वेगळं करत नाही. ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण काही स्वस्त सेटमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. नवी वायर आणि प्लग लावला की प्लगची प्रत्येक पिन आणि चॅसी यांच्यातला रोध सेटचा स्विच चालू ठेवून मोजा. शून्यापासून काही हजार ओहमपर्यंत कितीही दिसले तर चॅसी मेन्सला जोडलेली आहे असंच धरून चाला.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येही आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि बंद केल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतं. प्लग काढल्यावर दहा किलोओहमचा जाड रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच हात घाला. चालू सेटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, सेटच्या ओळीत जोडलेला ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. पाठीमागचा व्होल्टेज निवडायचा खटका सर्वांत वरच्या, २४० किंवा त्याजवळच्या आकड्यावर ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमधून आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह, बहुधा ईझेड ८०, काढून ठेवा, म्हणजे नुसते हीटर आणि डायलचे दिवे चालतील. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक. भगभगीत जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अर्धा तास ठेवून ट्रान्सफॉर्मर कोमटच राहिला तर तो वाचला. 'यू' सेटमध्ये मात्र एकही व्हॉल्व्ह काढून चालत नाही. माळेतला एक निघाला की सगळी माळ विझते.

रेक्टिफायर परत लावण्याआधी कंडेन्सर बदला. यात एक कंडेन्सर असा आहे की बाकी काही बदललं नाही तरी हा बदलाच : आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येणारा कपलिंग कंडेन्सर, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. मागच्या व्हॉल्व्हवरचं उच्च व्होल्टेज अडवायचं आणि फक्त आवाज पुढे सोडायचा हे त्याचं काम. जुन्या कागदी कंडेन्सरमध्ये दमट हवा शिरते, तो थोडा थोडा गळतो आणि ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं. मग आउटपुट व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो. गंमत अशी की तेव्हाही रेडिओ वाजत असतो, आवाज जरा फाटका येतो इतकंच. 'चालू कंडिशन' ऐकून भुलू नका म्हणालो ते यासाठी. व्हॉल्व्ह लाल होतो, रेक्टिफायरवर ताण येतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. काही रुपयांचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर लावला की हे सगळं टळतं. तपासायचंच असेल तर ईसीएल ८२ च्या तीन नंबर पिनेवर किंवा ईएल ८४ च्या दोन नंबर पिनेवर मोजा. शून्य हवं, एखादा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी कंडेन्सर गळतो आहे.

बाकीचे मेणाचे, डांबराचे कागदी कंडेन्सरही काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे लावा. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे छोटे मात्र सोडा, ते सहसा बिघडत नाहीत. मुख्य इलेक्ट्रोलिटिकच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे लावा. 'जास्त मायक्रोफॅरड म्हणजे कमी गुंईं' असं म्हणत शंभर, दोनशेचे लावणारे भेटतात; ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरपाशी पन्नासच्या वर सोसत नाही. मेन्सच्या दोन तारांमध्ये कंडेन्सर असेल तर तिथे 'एक्स-टू' वर्गाचाच लावा, साधा नको. रेझिस्टर मोजून पाहा. जुने कार्बनचे वर्षांबरोबर वाढत जातात. लिहिल्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढलेले तेवढे बदला. एका वेळी एकच भाग बदला आणि बदलण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. डायलच्या दोरीचा फोटो तर चारही बाजूंनी काढा. ती तुटल्यावर कुठल्या चाकावरून कशी फिरत होती हे आठवत बसण्यासारखी शिक्षा नाही. दोरी विणलेली, न ताणणारी घ्या. नायलॉन ताणतं आणि काटा घसरतो.

सेलवरचा ट्रान्झिस्टर सेट असेल तर काम सोपं आणि झटक्याची भीती नाही. सेल गळून डब्यातल्या पट्ट्या हिरव्या झालेल्या असतात. त्या बारीक पॉलिश पेपरने घासा, तुटल्या असतील तर नव्या लावा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. साठच्या दशकातल्या काही सेटमधल्या एएफ ११५ ते एएफ ११७ या चार पायांच्या ट्रान्झिस्टरांची एक खोड माहीत असावी. त्यांच्या पत्र्याच्या आत कथलाचे केसाहून बारीक काटे उगवतात आणि ते आतल्या आत शॉर्ट करतात. चौथा, पत्र्याला जोडलेला पाय कापला की कित्येकदा मेलेला ट्रान्झिस्टर बोलू लागतो.

कॅबिनेटबद्दल एवढंच, की घासू नका. वरचं लाकूड म्हणजे कागदाएवढा सागवानी पापुद्रा असतो, पॉलिश पेपरने तो पार होतो. ओलसर पिळलेल्या फडक्याने मळ काढा, आणि चपडा-स्पिरिटचं पॉलिश करणारा जुना सुतार मिळाला तर त्याच्या हाती द्या. बेकलाइटवर ब्रासो चालतं. फाटलेल्या स्पीकरच्या कागदावर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल पुरेसं होतं. गरम भागाजवळ करड्या-पांढऱ्या रंगाचा जाडसर पुठ्ठा दिसला तर तो खरवडू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सगळं झालं आणि तरी नुसतीच खरखर येत असेल तर आधी घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून पाहा. या रेडिओच्या काळात ही गर्दी नव्हती. मग गच्चीवर किंवा खिडकीबाहेर दहा-पंधरा मीटरची साधी तार टांगा. विजेच्या तारांपासून लांब. आणि तुमच्या भागातलं मध्यम लहरींचं केंद्र मुळात चालू आहे का, हे छोट्या ट्रान्झिस्टरवर आधी तपासा, कारण आकाशवाणीची कित्येक मध्यम लहरी प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली. जवळचं केंद्र गेलं असेल तर रात्र पडू द्या. अंधार पडल्यावर लांबची केंद्रं ऐकू येतात.

तेवढ्याने समाधान होत नसेल तर पाठीमागे ग्रामोफोनसाठी दिलेली दोन भोकं शोधा. त्यांत मधे छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालून फोन जोडला की जुनी गाणी त्याच स्पीकरवर, त्याच व्हॉल्व्हमधून वाजतात आणि सेटचा एकही भाग काढावा लागत नाही. 'यू' सेटला मात्र फोन कधीच जोडू नका. ब्लूटूथची पट्टी बसवायला चॅसी बाहेर काढून भंगारात देणाऱ्यांनी निदान हा पर्याय करून पाहावा.

सेटला फ्यूज नसेल तर बसवून घ्या, पाठीमागचा पुठ्ठा लावूनच वापरा, वर विणलेला रुमाल अंथरून हवेची भोकं झाकू नका आणि घरात कोणी नसताना चालू ठेवू नका. काढलेले जुने भाग पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत ठेवा, सोबत काय बदललं ते तारखेनिशी कागदावर लिहा. पुढच्या माणसाला हवं असतं. आणि हे सगळं स्वतः करायचा धीर नसेल तर गावातला व्हॉल्व्हवर काम केलेला जुना मेकॅनिक शोधा. तो काम करत असताना समोर बसायची परवानगी मागा, आणि मजुरीत घासाघीस करू नका.